चार दिवस वादळी पाऊस, मग ऊन: अशा आठवड्यात कांदा कधी काढावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा दोन एकर उन्हाळी कांदा काढणीला आला आहे. जमीन काळी आणि मध्यम खोल आहे, निम्म्याहून अधिक माना पडल्या आहेत (म्हणजे पात कांद्याच्या वरच्या टोकाशी मऊ होऊन आडवी झाली आहे), एप्रिलचा तिसरा आठवडा संपत आला आहे आणि मजुरांची टोळी सोमवारपासून येण्यास तयार आहे. मोबाइलवरील आठवड्याच्या अंदाजात सोमवार ते गुरुवार विजेच्या ढगाचे चित्र दिसते आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत लख्ख सूर्य. त्यांनी विचारले आहे की हा अंदाज कितपत खरा मानायचा, आणि कांदा लगेच काढायचा की शुक्रवारपर्यंत थांबायचे.

हवामानाच्या नोंदी ठेवणे आणि त्यांच्या आधारे शेतकऱ्यांना सल्ला देणे हे काम मी पंचवीसहून अधिक वर्षे केले आहे, आणि दर एप्रिलमध्ये हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात माझ्यापर्यंत येतो. माझ्या मते प्रश्न पावसाचा कमी आणि कोरडेपणाचा अधिक आहे. कांदा उपटून ठेवण्यासाठी एक दिवस पुरतो. पण पातीसह शेतात सुकून त्याची मान बंद होण्यासाठी सलग तीन-चार कोरडे दिवस लागतात, आणि गुरुवारी संध्याकाळी शेवटची सर पडली तर तुमच्या काळ्या जमिनीला वाफसा येण्यासाठी, म्हणजे ती काम करण्याइतकी सुकण्यासाठी, त्याआधी दोन-तीन दिवस जातात. म्हणजे काढणी रविवारच्या आसपास आणि पात कापणी पुढच्या बुधवार-गुरुवारी. तुम्हाला खरी गरज आहे ती शुक्रवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंतच्या उघडिपीची, आणि तुमच्या हातातला अंदाज रविवारी संपतो. तुमच्या निर्णयाचा सगळा भार अंदाजाच्या शेवटच्या तीन दिवसांवर आणि त्यापलीकडच्या चार न दिसणाऱ्या दिवसांवर आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

आता अंदाज किती खरा मानायचा याविषयी. सात दिवसांचा अंदाज हा एकाच वजनाचा दस्तऐवज नसतो. त्यातली काही विधाने भक्कम असतात आणि काही अगदी कच्ची. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे जो वळीव पडतो त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: खालच्या थरात बाष्प, तापलेल्या जमिनीमुळे वर उसळणारी हवा, आणि तिला ढकलणारे एखादे निमित्त. हे निमित्त बहुतेक वेळा विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे पसरलेला, दोन दिशांचे वारे एकमेकांना भिडणारा एक लांबलचक पट्टा असतो. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून बाष्प त्या पट्ट्याकडे ओढले जाते. हा पट्टा शेकडो किलोमीटर लांब असतो आणि संथपणे सरकतो. म्हणून तो कधी विरेल किंवा पूर्वेकडे सरकेल आणि वायव्येकडचे कोरडे वारे कधी सुरू होतील, हे हवामानाचा हिशेब करणाऱ्या संगणकीय प्रारूपांना चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते. याउलट एक गडगडाटी ढग पाच-दहा किलोमीटरचा असतो आणि पाऊण-एक तासात जन्मून, बरसून, संपूनही जातो. तो ढग निफाडच्या बाजूला फुटेल की चांदवडच्या डोंगराला लागून, हे चार दिवस आधी कोणीही सांगू शकत नाही. खरे तर त्याच दिवशी सकाळीही नेमके सांगता येत नाही.

यातून एक विचित्र वाटणारा निष्कर्ष निघतो. सोमवार-मंगळवार जवळ असले, तरी "तुमच्या वावरात पाऊस पडेल का" या प्रश्नाचे त्या दिवसांचे उत्तर कच्चेच राहते. आणि शुक्रवार लांब असला, तरी "या भागातले वातावरण पालटेल का" याचे उत्तर तुलनेने पक्के असते. शेतकरी नेमके उलटे वाचतात. सोमवारी ढगाचे चित्र पाहिले की पाऊस येणारच असे धरतात, तो आला नाही की अंदाज खोटा ठरवतात, आणि मग शुक्रवारच्या सूर्यावरचाही विश्वास उडतो. माझ्या अनुभवात वातावरणाचा पालट हा अंदाजातला सर्वांत उपयोगाचा भाग असतो. फक्त त्याची तारीख एखाद्या दिवसाने पुढे-मागे होऊ शकते, आणि ती बहुतेक पुढेच जाते.

चित्रांविषयीही थोडे सांगायला हवे, कारण त्यांनी बराच गैरसमज पसरवला आहे. बहुतेक अ‍ॅप त्या दिवसातील सर्वांत वाईट हवामानाचे चित्र संपूर्ण दिवसासाठी लावतात. विजेचा ढग दिसला म्हणजे दिवसभर पाऊस नव्हे. वळवाच्या दिवसांत सकाळपासून दुपारी एक-दोनपर्यंत बहुधा कडक ऊन असते आणि तीन-चारनंतर आभाळ भरून येते. चित्राखाली लिहिलेले "६० टक्के" म्हणजे साठ टक्के शेतात पाऊस किंवा दिवसाचा साठ टक्के भाग पाऊस असा अर्थ नाही. त्या ठिकाणी त्या काळात पाऊस होण्याची शक्यता तेवढी आहे, इतकेच ते सांगते. भारतीय हवामान विभागाची भाषा निराळी आहे आणि ती नीट वाचली तर जास्त कामाची आहे. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या क्षेत्रातील पाऊस मोजणाऱ्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५० टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्यापुढे "बहुतांश ठिकाणी". नाशिक जिल्ह्यासाठी "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" असे लिहिले असेल तर चारपैकी तीन गावे कोरडी राहिली तरी तो अंदाज बरोबरच ठरतो. तुमच्या अ‍ॅपवर मात्र "तुरळक" असो की "बऱ्याच ठिकाणी", तेच एक चित्र दिसते.

पिवळा, नारिंगी आणि लाल या इशाऱ्यांतही असाच घोळ होतो. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी तयारीत राहण्यास आणि लाल प्रत्यक्ष कृती करण्यास. रंग म्हणजे पावसाचे माप नव्हे. वळवाच्या दिवसांत पिवळ्या इशाऱ्यासोबत पाऊस जेमतेम पाच मिलिमीटर पडतो, पण सोबतचा ताशी ४० ते ५० किलोमीटरचा वारा ताडपत्री उडवून नेतो. म्हणून रंगाखालचे वाक्य वाचावे: वारा किती सांगितला आहे आणि गारपिटीचा उल्लेख आहे का. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना गारपीट हा शब्द अंदाजात दिसल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक बारकावा असा की हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणून बुधवारच्या तारखेला नोंदलेला पाऊस बहुधा मंगळवारी संध्याकाळी पडलेला असतो. शेजारच्या केंद्राचे आकडे पाहून "गुरुवारीही पाऊस झाला की" असे कोणी म्हणाले तर आधी हे तपासा; एका दिवसाच्या अशा गफलतीमुळे मजुरांना परत पाठवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आता काय करावे, हे ठरवताना काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला दुरून दिसत नाहीत: वाफे सपाट आहेत की गादीवाफे, पाणी निघायला वाट आहे का, चाळ (कांदा साठवण्याची हवेशीर शेड) मोकळी आहे का, कांदा साठवायचा आहे की लगेच बाजार समितीत न्यायचा आहे, आणि या टोळीला परत पाठवल्यास ती पुन्हा कधी मिळेल. शेवटचा मुद्दा हवामानशास्त्रात कोठेच नसतो, पण पुष्कळदा निर्णय तोच करतो.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी सरसकट दोन एकर सोमवारी उपटण्याच्या विरोधात आहे. माना पडलेला, पाणी तोडलेला कांदा जमिनीत उभा असताना दहा-पंधरा मिलिमीटरची एखादी सर सोसतो, फक्त पाणी साचून राहता कामा नये. तोच कांदा उपटून, पात ओली असताना उघड्यावर पडलेला असेल तर तेवढ्याच सरीने त्याचे साठवणीचे आयुष्य जाते, कारण मान सुकलेली नसते आणि ओलावा तिथूनच आत शिरतो. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चाळीस हजार लिटर पाणी. हे ऐकायला प्रचंड वाटते, पण एप्रिलमधली तहानलेली जमीन ते लवकर पिऊन टाकते. म्हणून सोमवारी सकाळी टोळीकडून पहिले काम करून घ्यावे ते वाफ्यांचे खालचे कोपरे फोडून पाण्याला वाट काढण्याचे. पाटाचे किंवा ठिबकचे पाणी आधीच बंद असेल. नसेल तर आजच बंद करावे.

टोळीला पूर्ण रिकामे पाठवणे परवडत नसेल, तर एक मधला मार्ग मी अनेकांना सुचवला आहे. तुमच्या शेडमध्ये किंवा पत्र्याखाली पातीसह पातळ थरात जेवढा कांदा मावेल तेवढाच, म्हणजे समजा दहा-पंधरा गुंठे, सकाळी काढावा आणि दुपारी दोनच्या आत छपराखाली आणावा. यासाठी ज्या वाफ्यातल्या माना सर्वाधिक पडल्या आहेत तो निवडावा, कारण फार पक्व झालेल्या कांद्याला पावसाचे पाणी लागले तर नवी मुळे फुटण्याचा धोका असतो. उरलेला कांदा जमिनीतच राहू द्यावा. लगेच विकायचा माल असेल तर हिशेब थोडा सैल धरता येतो. चाळीत चार-पाच महिने ठेवायचा असेल तर नाही.

हा सल्ला कोणत्या परिस्थितीत उलटा होईल, तेही सांगतो. तुमची जमीन भारी, सखल आणि पाणी धरणारी असती, माना ऐंशी टक्क्यांवर पडून आठवडा झाला असता आणि अंदाजात "बऱ्याच ठिकाणी" मध्यम पाऊस सलग तीन-चार दिवस सांगितला असता, तर मी रविवारीच, म्हणजे आजच, मिळतील तेवढे हात लावून कांदा काढून छपराखाली नेण्यास सांगितले असते. जमिनीत पाण्यात बसलेला कांदा कुजण्यापेक्षा अर्धवट सुकलेला कांदा कमी भावात विकलेला बरा.

पुढचे चार दिवस अंदाज रोज एकदाच, एकाच वेळी पाहावा, आणि त्यात सोमवार-मंगळवारचे ढग मोजत बसू नये. पालटाचा दिवस जागेवर आहे की सरकतो आहे, एवढेच पाहावे. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी पाहिलेल्या तिन्ही अंदाजांत उघडीप शुक्रवारीच दाखवली असेल तर ती बहुतेक मिळते. ती शुक्रवारवरून शनिवारवर आणि शनिवारवरून रविवारवर ढकलली जात असेल, तर वाऱ्यांचा तो पट्टा कुठे तरी अडकून बसला आहे आणि प्रारूपांना त्याचा सुगावा नीट लागलेला नाही असे समजावे. रविवारच्या पुढे काय, यासाठी गुरुवारी हवामान विभागाचा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यात दिवस कळत नाहीत, पण पुढच्या आठवड्यात पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढे कळते, आणि तुमच्या न दिसणाऱ्या चार दिवसांसाठी हातात असलेली तेवढीच वस्तू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्लाही पाहावा.

याच जोडीला स्वतःचे डोळे वापरावेत. यात काहीही अडाणीपणा नाही. वळवाच्या दिवसांत पहाटेची हवा चिकट असते, अंगाला उकाडा जाणवतो आणि सकाळी अकराच्या सुमारासच कापसाच्या ढिगांसारखे ढग उभे वाढू लागतात. ज्या दिवशी पहाट सुखद गार लागेल, ओठ आणि हात कोरडे पडू लागतील, दुपारचे आभाळ पांढुरके न राहता निळे दिसेल आणि वारा वायव्येकडून अंगावर येईल, त्या दिवशी बाष्प निघून गेले आहे. ऊन तर त्याआधीच्या दिवशीही पडलेले असते. एकदा मी स्वतः हीच चूक केली होती. पहिल्या लख्ख दिवशी दुपारी एका शेतकऱ्याला काढणीस हरकत नाही असे कळवले. ऊन होते, पण हवा अजून दमट होती आणि वारा आग्नेयेकडचाच होता. दुसऱ्या संध्याकाळी वीस मिनिटांची उरलीसुरली सर आली आणि वावरभर पसरलेला कांदा भिजला. तेव्हापासून मी पहिल्या कोरड्या दिवशी काढणी सुचवत नाही. तो दिवस जमिनीचा असतो.

ऋतूचे भानही ठेवावे. एप्रिलमध्ये "वादळी पाऊस, मग ऊन" या क्रमावर मी बराच विश्वास ठेवतो, कारण पट्टा विरल्यावर कोरडी हवा परत येण्यास मोकळे रान असते. मेच्या उत्तरार्धात तसा भरवसा राहत नाही. २०२५ च्या मे महिन्यात पूर्वमोसमी पावसाने जी हजेरी लावली ती थांबलीच नाही. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, जिथे त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. उघडीप मिळेल म्हणून कांदा जमिनीत ठेवलेल्यांना ती उघडीप मिळाली नाही. म्हणून तुमची काढणी एप्रिलऐवजी १५ मेच्या पुढे असती, तर मी थांबण्याचा सल्ला इतक्या सहजपणे दिला नसता.

तुमच्या शेजाऱ्यांपैकी काहींचा कांदा आधीच उपटून वावरात पडला असेल, तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पात सुकली असेल तर दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून ती कापावी आणि कांदा छपराखाली हलवावा. सुकली नसेल तर पातीसह गोळा करून उंचवट्यावर लांबट पोळ (ढीग) घालावी, ती ताडपत्रीने झाकावी आणि ताडपत्रीच्या कडांवर वजन ठेवावे. रात्री झाकलेली ताडपत्री सकाळी ऊन पडताच काढलीच पाहिजे. आतला दमटपणा आणि वरचे ऊन यांमुळे कांद्याला घाम सुटतो, आणि पुढे चाळीत दिसणारी काळी बुरशी पुष्कळदा याच घामातून आलेली असते. पावसापेक्षा झाकून विसरलेल्या ताडपत्रीने खराब झालेला कांदा मी जास्त पाहिला आहे.

धावपळीत माणसांचे विसरू नये. सरीच्या पाच-दहा मिनिटे आधी गार वाऱ्याचा झोत आणि धुरळा येतो. ताडपत्री ओढायला लोक नेमके त्याच वेळी वावरात धावतात, आणि विजेचा धोकाही त्याच वेळी सर्वाधिक असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे "दामिनी" अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. ते टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलवरही असावे. गडगडाट ऐकू आला की वावर सोडावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नये. झाकायचे ते दुपारी दोनला झाकून ठेवले म्हणजे ही धाव घ्यावीच लागत नाही.

राहिला उघडीप मिळाल्यानंतरचा भाग. पावसानंतर आभाळ धुतले जाते आणि ऊन एकदम प्रखर होते. अशा उन्हात उघडा पडलेला कांदा भाजून त्यावर पांढुरके, मऊ चट्टे पडतात. म्हणून काढताना एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकले जातील अशा रीतीने मांडावेत, आणि पात कापल्यावर लगेच चाळीत न भरता दहा-बारा दिवस सावलीत पातळ थरात ठेवावेत.

शनिवारी सकाळी वाफ्यात चार बोटे खोल माती उकरून मुठीत दाबून पाहा. लाडू वळला आणि तो बोटाने दाबल्यावर फुटला नाही, तर आणखी एक दिवस थांबा. भुगा झाला आणि वारा वायव्येकडचा असेल, तर टोळीला रविवारी पहाटे बोलवा. टोळीच्या मुकादमाला मात्र हे आजच सांगून ठेवा आणि रविवारचा दिवस थोडी उचल देऊन पक्का करा, कारण त्या रविवारी तालुक्यातल्या प्रत्येकालाच मजूर हवे असतील.